चार नंबरचा पंप

किस्से जमवायला मी तिकडे गेले नव्हते, गेले होते हातपंप दुरुस्त करायला. पण पंपाचे सुटे भाग महिनोन्‌महिने येत नाहीत आणि किस्से मात्र रोज येतात, कुणी मागवलेले नसताना! सुट्टीवर बेंगळुरूला आले की जयनगरला आमचं टोळकं जमतं. पहिली कॉफी यायच्या आत कुणीतरी विचारतंच, "रोहिणी, भीती नाही वाटत गं?"

वाटते की! न वाटायला मी काय दगड आहे? पण भीतीबद्दल सांगण्यासारखं फारसं नसतं. पोटात गोळा येतो, तोंड कोरडं पडतं, संपलं. मग त्याच वेळी शेजारचा माणूस असं काहीतरी करतो किंवा बोलतो, की ते मात्र जन्मभर सांगत बसावं लागतं.

देशाचं नाव सांगणार नाही, तशी सही करून दिली आहे. आफ्रिकेत, नाईलच्या खोऱ्यात, एवढं पुरे. गावाच्या कडेला लढाईतून पळून आलेल्या माणसांची मोठी छावणी. तिच्या पूर्वेला एका गटाच्या सैनिकांचा नाका, पश्चिमेला दुसऱ्या गटाचा. मध्ये नऊ हातपंप, आमची मदतसंस्था, एक पांढरी जीप आणि मी. देशाचं नाव घ्यायला बंदी आहे, किस्से सांगायला नाही. करार मी दोनदा वाचलाय!

*

मुळात मी बेंगळुरूमधल्या पीण्याची. म्हणजे राहायला बेळ्ळंदूरला, पण आयुष्य गेलं ते पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत, नागराजण्णांच्या वर्कशॉपमध्ये. चौदा वर्षं आम्ही हातपंपांचे सुटे भाग बनवले. ते भाग पार आफ्रिकेत जातात हे माहीत होतं. तिकडे ते बसवायला माणसं मिळत नाहीत हे एका गिऱ्हाइकाच्या पत्रावरून कळलं, आणि मी अर्ज केला.

मुलाखत लॅपटॉपवर झाली. पलीकडे तिघेजण, तिघांचेही चेहरे गंभीर. एकाने विचारलं, "प्रतिकूल परिस्थितीत रोजच्या रोज काम करण्याचा अनुभव आहे का?"

"आहे. मी रोज बेळ्ळंदूरहून पीण्याला जाते."

"किती वर्षं?"

"चौदा."

त्यांना काही कळलं नाही. मग मी स्क्रीनवर सकाळी साडेआठचा रहदारीचा नकाशा उघडून दाखवला, सगळ्या लाल रेघांसकट. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. निवडीचं पत्र तिसऱ्या दिवशी आलं!

आईला सांगितलं. आमचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इकडचं, त्यामुळे आईचं मराठी अर्धं कानडीच. ती म्हणाली, "तिकडं नळाला पाणी येते का गे?"

"नाही ना, म्हणून तर मला बोलावलंय."

"सरी! मग आपल्या बेळ्ळंदूरला काय येते? टँकर! अगोदर हिकडचं बघ की, मग जा की आफ्रिकेला!"

मी बॅग भरायला घेतली.

*

हेन्रिक हा आमचा सुरक्षा अधिकारी. नॉर्वेचा, दारातून येताना वाकावं लागेल एवढा उंच, आणि जगातल्या कुठल्याही संकटावर त्याच्याकडे एक छापील यादी तयार. पहिल्याच दिवशी त्याने मला एक यादी दिली. दहा मिनिटांत पळून जायची वेळ आली तर जी बॅग उचलायची, तिच्यात काय काय असावं याची! वजन आठ किलोच्या वर नको.

माझी बॅग भरली अकरा किलो. हेन्रिकने ती टेबलावर रिकामी केली. पासपोर्ट, औषधं, टॉर्च, पाण्याची बाटली, सगळं यादीप्रमाणे. तळाशी माझा दीड फुटी पाइप पाना.

"हे काय आहे?"

"पाना."

"पळताना पान्याचा काय उपयोग?"

"जिथे पळून जाऊ तिथे पंप असेलच ना!"

त्याने यादी वरपासून खालपर्यंत तपासली. त्या यादीत पान्याच्या विरोधात काहीच लिहिलेलं नव्हतं, हीच त्याची पंचाईत. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या फळ्यावर नवी यादी लागली. शेवटचा मुद्दा वाढवलेला होता: 'पाना (फक्त रोहिणीसाठी).'

*

गोळीबार जवळ आला की आम्ही सगळे बंकरमध्ये. बंकर म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा, वर पत्रे, त्यावर वाळूची पोती. आत शिरलं की हेन्रिक डोकी मोजतो. एका दुपारी आम्ही आवारात सातजण होतो आणि त्याची मोजणी आठ आली. पुन्हा मोजली, पुन्हा आठ. हेन्रिकचा चेहरा पांढरा होता, तो आणखी पांढरा झाला.

आठवी व्यक्ती कोपऱ्यात मांडीवर वही घेऊन बसली होती. मामा रेबेका! तिकडे मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात. साठीच्या आसपासची, काटक, आवाज खणखणीत. प्रत्येक हातपंपाची बायकांची एक समिती असते, आणि या सगळ्या समित्यांची ती अध्यक्ष. तीन दिवस ती आमच्या ऑफिसात येत होती, आणि तीन दिवस तिला सांगितलं जात होतं की साहेब मीटिंगमध्ये आहेत.

"आज तुम्ही कुणी दुसऱ्या मीटिंगला जाणार नाही," मामा म्हणाली आणि वही उघडली. "चार नंबरच्या पंपाचं बोलू."

वर धडाडधूम चाललेलं, पत्र्यांच्या फटीतून माती डोक्यावर पडतेय, आणि खाली आमची सभा सुरू!

चार नंबरचा पंप छावणीच्या टोकाला, दोन्ही नाक्यांच्या मधल्या मोकळ्या मैदानात. तो बंद पडून तीन आठवडे झाले होते. चालू होता तोवर त्या टोकाच्या बायका दहा मिनिटांत पाणी भरून घरी परतत. बाकीच्या आठ पंपांवर आधीच एवढी गर्दी की त्यांचा नंबर लागेना. म्हणून त्या नदीवर जात, आणि नदीची वाट नेमकी नाक्यांसमोरून जाते.

"गेल्या आठवड्यात तीन पोरींना सैनिकांनी दिवसभर अडकवून ठेवलं," मामा म्हणाली. "परत आल्यापासून त्या कुणाशी बोलत नाहीत. त्यातली एक माझी नात आहे."

त्या दिवसापासून माझ्या लेखी बाकीचे आठ पंप हे पंप होते, आणि चार नंबर म्हणजे ती पोरगी.

पाऊण तासाने बाहेर शांत झालं. हेन्रिक रेडिओवर बोलला आणि म्हणाला, "धोका टळला. सगळ्यांनी बाहेर चला."

"खाली बसा," मामा म्हणाली. "अजून ठराव व्हायचाय!"

सहा फुटांहून उंच असा तो माणूस निमूटपणे खाली बसला. ठराव एकमताने पास झाला.

*

ठराव करणं सोपं. पुढे दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे पंपातले वॉशर पार झिजलेले आणि आमच्या गोदामात एकही शिल्लक नाही. दुसरी म्हणजे ते दोन नाके.

नाक्यावर कसं बोलायचं हे मला मोझेसने शिकवलं. मोझेस आमचा ड्रायव्हर आणि दुभाषा. मला 'सिस्टर' म्हणतो. माणूस इतका सभ्य, की रस्त्यात आडव्या आलेल्या गाईलासुद्धा हॉर्न न देता खाली उतरून विनंती करतो. आमच्या जीपच्या दारावर बंदुकीचं चित्र आणि त्यावर लाल काट आहे. अर्थ असा, की या गाडीत हत्यार चढणार नाही. हा नियम म्हणजे आमचा जीव. तो एकदा मोडला की दुसऱ्या बाजूच्या लेखी आम्ही पहिल्या बाजूचे होतो.

एकदा पश्चिमेच्या नाक्यावर एका सैनिकाने गाडी अडवली. त्याला बाजारात जायचं होतं. खांद्याला बंदूक, पायाला फोड आलेले. मोझेसने त्याला दारावरचं चित्र दाखवलं. म्हणाला, "भाऊ, तू बस, तुझ्याबद्दल काही तक्रार नाही. पण बंदूक गाडीत चालत नाही."

सैनिकाने विचार केला. मागे नाक्याकडे बघितलं. बंदूक तिथे ठेवली तर ती पुन्हा दिसायची नाही, हे त्याला पक्कं माहीत असावं.

"बरं," तो म्हणाला, "मग मी चालत येतो. तुम्ही बंदूक तेवढी घेऊन जा आणि बाजाराच्या तोंडाशी मला द्या!"

*

वॉशरच्या अडचणीला माझ्याकडे इलाज होता. सुट्टी जवळ आली होती, आणि सुट्टी म्हणजे बेंगळुरू, आणि बेंगळुरू म्हणजे पीण्या.

पण त्याआधी आमच्या अपार्टमेंटची मीटिंग आडवी आली. टँकरच्या पाण्यावरून बी ब्लॉक आणि सी ब्लॉक यांचं जुंपलेलं. टँकर आधी कुणाच्या टाकीत रिकामा व्हायचा, हा प्रश्न! सेक्रेटरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या मॅडम कॉन्फ्लिक्ट झोनमध्ये काम करतात. त्यांनाच तोडगा काढू दे."

दीड तास मी ऐकलं. एका वाक्यात चारजण बोलत होते. शेवटी मी म्हणाले, "तिकडे यापेक्षा सोपं असतं. दोन्ही बाजूंकडे बंदुका असतात, त्यामुळे कुणी कुणाचं बोलणं मध्येच तोडत नाही."

त्या संध्याकाळी बी ब्लॉक आणि सी ब्लॉक यांचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं: मला पुन्हा मीटिंगला बोलवायचं नाही!

दुसऱ्या दिवशी पीण्याला गेले. नागराजण्णा माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी मला अम्माच म्हणतात. मी त्यांना झिजलेला वॉशर दाखवला. त्यांनी तो डोळ्यांपाशी धरला, बोटाने दाबला, वास घेतला आणि म्हणाले, "हा आपला नव्हे."

"नाही, दुसऱ्या कुणाचातरी असेल."

"तेच म्हणतो. आपला असता तर एवढ्यात गेला नसता."

स्वतः प्रेसवर उभं राहून त्यांनी आठ वॉशर काढून दिले. खोक्यात वर एक कुंकवाचा पुडा ठेवला. आमच्या घरी जी खंडेनवमी, ती वर्कशॉपात आयुधपूजा. त्या दिवशी सगळी यंत्रं पुसायची, तेल द्यायचं, कुंकू लावायचं आणि दिवसभर एकाही यंत्राला हात लावायचा नाही. मग कुणाची कितीही अर्जंट ऑर्डर असो!

"अम्मा, नवमी तुला तिकडेच येणार," नागराजण्णा म्हणाले. "पान्याला एक बोट तरी लाव. वर्षभर राबतो बिचारा."

*

आठ वॉशर घेऊन परत गेले, तर दुसरी अडचण जिथल्या तिथे. मैदानात उतरून पंप खोलायला चार तास लागणार, आणि त्यासाठी दोन्ही कमांडरांचा होकार हवा. हेन्रिकने दोघांना मिळून सात पत्रं लिहिली. पूर्वेचा कमांडर म्हणे, "माझी काहीच हरकत नाही, पण आधी त्यांनी बंदुका खाली ठेवाव्यात." पश्चिमेचा कमांडर म्हणे, "माझी काहीच हरकत नाही, पण आधी त्यांनी." दोघेही सज्जनपणे चहा पाजत आणि दोघेही जागचे हलत नसत. मामा रोज येऊन ऑफिसच्या पायरीवर बसे. मला तिच्या नजरेला नजर देववत नव्हती.

अशात नवमी आली. सकाळी मी जीप धुतली, पाने आणि साखळ्या पुसून मांडल्या, सगळ्यांना कुंकू लावलं. आता कोहळा फोडायला हवा. आमच्याकडे त्या दिवशी कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू भरतात आणि फाटकासमोर आपटतात. तिथे कोहळा कुठला! कलिंगड मिळालं. मी त्यात मूठभर कुंकू कोंबलं आणि मोठ्या भक्तिभावाने फाटकावर फोडलं.

युद्ध चालू असलेल्या गावात, फाटकावर, सकाळी आठ वाजता असं काही करू नये, हे सांगायला कुठली यादी लागते का? पण चौदा वर्षांची सवय! आवाज ऐकून पहारेकरी धावत आला, रस्त्यावरचा लालभडक चिखल पाहिला आणि रेडिओवर ओरडला, "फाटकावर एकजण गेला!"

दोन मिनिटांत सगळे बंकरमध्ये. हेन्रिकने डोकी मोजली. सात. पुन्हा मोजली, सात.

"सगळे आहेत," तो म्हणाला. "मग गेलं कोण?"

"कलिंगड," मी म्हणाले.

हेन्रिक माझ्याशी बोलेनासा झाला.

*

मामा मात्र बोलली. ती पायरीवर बसून हा सगळा तमाशा बघत होती. बंकरमधून बाहेर आले तशी तिने विचारलं, "पान्यांना हे लाल का लावलंयस?"

मी सांगितलं. आमच्याकडे वर्षातून एक दिवस अवजारांना सुट्टी असते. त्या दिवशी त्यांना कुणी हात लावत नाही.

"फक्त अवजारांना? बंदुकांना नाही?"

"बंदुकांना तर आधी! मुळात हा सण हत्यारांचाच. पाने-बिने आम्ही नंतर घुसवले."

मामा उठली. कुंकवाचा पुडा उचलून तिने वहीत ठेवला. "मोझेस," ती म्हणाली, "गाडी काढ. इंजिनिअर, तुझे वॉशर घे."

मी हेन्रिकची परवानगी मागायला गेले. तो अजून रागावलेला होता. त्याने दोन्ही नाक्यांना रेडिओवर कळवलं, दर अर्ध्या तासाला खबर द्यायची म्हणून मला बजावलं, आणि पुढे फक्त एवढंच म्हणाला, "कलिंगड नेऊ नकोस!"

मैदानाच्या मध्यावर पंप, त्याच्या शेजारी एक मोठा कडुनिंब. मामाने मोझेसला पाठवून दोन्ही कमांडरांना तिथे बोलावलं. दोघेही आले, मागे आपापले दहा-दहा लोक आणि दहा-दहा बंदुका घेऊन. दोघेही झाडापासून सारख्याच अंतरावर थांबले. मी वॉशरचं खोकं छातीशी धरून मामाच्या मागे उभी राहिले.

मामा बोलू लागली. मोझेस माझ्या कानाशी भाषांतर करत होता.

"ती म्हणतेय, ही बाई अशा देशातून आलीय जिथे हत्यारांना वर्षातून एक दिवस सुट्टी देतात. तो दिवस आज आहे. ती म्हणतेय, ज्याचं हत्यार या दिवशीही राबतं, त्याचं हत्यार रुसतं. ऐन वेळी अडकून बसतं."

पूर्वेचा कमांडर जाड चष्म्याचा, शाळामास्तरांसारखा दिसणारा. त्याने सरळ मला इंग्रजीत विचारलं, "इंजिनिअर, हे खरं आहे?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. बावीस बंदुका माझ्याकडे पाहत होत्या. खोटं बोलायला मला जमत नाही, आणि यंत्रांबद्दल तर मुळीच नाही.

"सर," मी म्हणाले, "जे यंत्र कधी थांबवत नाहीत, पुसत नाहीत, तेल देत नाहीत, ते अडकतंच. मग ते कुठलंही असो."

नुकताच पावसाळा सरत आलेला. त्याने आपल्या बंदुकीकडे पाहिलं. मला दुरूनही तिच्यावरचा गंज दिसत होता. त्यालाही दिसला असावा.

"आधी त्यांनी," तो सवयीने म्हणाला.

"नाही," मामा म्हणाली. "आधी जो ठेवेल त्याला लाल आधी लागेल. आणि हे एवढंच आहे." तिने पुडा वर धरला.

एवढंसं कुंकू! पण कमी आहे म्हटल्यावर माणसाचा जीव खालीवर होतोच, मग तो बेळ्ळंदूरचा असो की तिथला. पश्चिमेचा कमांडर गमबूट घातलेला, तरणा. तोच झटकन पुढे आला आणि त्याने आपली बंदूक झाडाच्या बुंध्याला टेकवली. चष्मेवाला त्याच्या मागोमाग. मग दोन्हीकडून माणसं आली. बावीस बंदुका झाडाखाली ओळीने उभ्या राहिल्या.

"इंजिनिअर, लाव," मामा म्हणाली.

आता आली का पंचाईत! हत्याराला बोट लावायचं नाही, हा आमचा पहिला नियम. मी मान हलवली. मामाला लगेच समजलं. तिने कुठल्याच कागदावर सही केलेली नव्हती. तिने अंगठ्याने एकेका बंदुकीला कुंकू लावलं, आणि प्रत्येकीला लावताना काहीतरी पुटपुटली. ते भाषांतर करायला मोझेसने नकार दिला.

मग मी पंप खोलला. नवमीच्या दिवशी हातात पाना घेतला, ही गोष्ट नागराजण्णांना मी अजून सांगितलेली नाही! पाइप उचलायची तिपाई चिखलात रुतायला लागली, तेव्हा ती धरायला सैनिकच पुढे आले. तीन-तीन मीटरचे बारा पाइप एकामागून एक वर काढायचे. एका पाइपला पूर्वेचा सैनिक, पलीकडून पश्चिमेचा. मी ओरडत होते, "उचला! धरा! सोडू नका!" आणि मोझेस ते दोन भाषांतून ओरडत होता. दर अर्ध्या तासाला हेन्रिक रेडिओवर विचारी, "परिस्थिती कशी आहे?" मी सांगे, "सातवा पाइप." "आठवा पाइप."

वॉशर बदलले, पाइप परत उतरवले. दांडा मारायला मी मामाला बोलावलं. तिने चाळीसएक हात मारले, नुसती हवा. मग आधी खाकरल्यासारखा आवाज आला, मग तांबूस पाणी आणि मग स्वच्छ. मला रडू आलं. सगळ्यांसमोर रडले, त्यात लाजायचं काय?

छावणीच्या टोकाला बायका केव्हाच्या उभ्या होत्या. त्या हंडे, डबे, कॅन घेऊन आल्या, झाडाखालच्या बंदुकांसमोरून, रांगेने. त्या रांगेत एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी होती. मामाने दांडा सोडला आणि तिच्या हातात दिला. ती मुलगी कुणाशी बोलली नाही, पण आपला कॅन भरल्यावरही दांडा मारत राहिली, मागच्या बाईसाठी, तिच्या मागच्या बाईसाठी.

निघताना चष्मेवाल्या कमांडरने मामाला काहीतरी विचारलं. मोझेस म्हणाला, "विचारतोय, ही सुट्टी किती वेळ असते."

"एक दिवस," मी मामाला हळूच म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत."

मामाने मान डोलावली आणि त्याला उत्तर दिलं. माझ्या चार शब्दांचं तिने बरंच लांब केलं. ती पंपाकडे बोट दाखवत होती, मग बंदुकांकडे, मग त्या मुलीकडे. दोन्ही कमांडर खाली बघत ऐकत होते. शेवटी चष्मेवाल्याने आपल्या माणसांना काहीतरी सांगितलं, गमबूटवाल्याने आपल्या. त्यांनी बंदुका उचलल्या आणि कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून पट्ट्याला धरून, अंगापासून लांब ठेवत नेल्या. नाक्यावर पोचल्यावर त्यांनी त्या झोपडीत ठेवल्या आणि रिकाम्या हातांनी बाहेर येऊन बसले.

जीपमध्ये बसल्यावर मी मोझेसला विचारलं, "मामाने किती वेळ सांगितला?"

मोझेसने आरसा नीट केला. "तिने सांगितलं, सिस्टर, की या पंपातून पाणी येतंय तोपर्यंत."

मी त्याला गाडी थांबवायला लावली, सॅटेलाइट फोन काढला आणि पीण्याला लावला. सणाचा दिवस असूनही नागराजण्णांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"अण्णा, आपला वॉशर किती टिकतो?"

"नीट वापरला तर वर्षभर. का गे अम्मा?"

"दोनशे पाठवा."

"दोनशे? एवढे? पंप किती आहेत तिकडे?"

"एक," मी म्हणाले.